आहेराची टोपी

“…तं मी म्हन्लं, बावा, कॅमेरा माह्याकडे पाहून राह्यला का माह्या डोक्शावरच्या टोपल्याकडे, थे तरी सांग. तं थो प्रोग्रामर पोट्टा काय म्हन्ते, सर, कॅमेऱ्याले तुमी माणूसच नाई वाटून राह्यले. लॅम्प वाटून राह्यले म्हन्ते.”

“लॅम्प?” प्रसादनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

“हाव. टोपल्याची शेड अन खाली मी दांडा. आता तुमीच सांगा साहेब, एवढं पोट असलेला दांडा कोन्या दिव्याले असते?”

प्रसादला ठसका लागला. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईनं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि काय झालं म्हणून विचारलं. मग दिगंबरनं तीच गोष्ट इंग्रजीत सांगितली, म्हणजे उठून दिव्यासारखा उभाच राहिला, आणि ते टेबलही हसायला लागलं.

अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या ऑफिसात दिगंबर खोडके जेवायला बसला की असंच व्हायचं. माणूस दर्यापूरकडचा. काळ्या जमिनीतला, उन्हाळ्यात पायाला भेगा आणि पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत गाळ, अशा मुलखातला. गावात दंडार बसायची तेव्हा हा बाईच्या सोंगात असा ठुमकायचा की पाटलाच्या म्हाताऱ्यानं एकदा खरंच विचारलं होतं, ही कोणाच्या घरची सून म्हणून. मग बडनेऱ्याला इंजिनिअरिंग, नागपूरला नोकरी, पुण्याला नोकरी, आणि दोन हजार एक साली, इकडच्या कंपन्या धडाधड बुडत होत्या नेमक्या त्याच वेळी, हा अमेरिकेत उतरला. “मी आलो अन बजार बसला” हे तो स्वतःच सांगायचा. पण बोली त्यानं कुठं सोडली नाही. पुण्यात लोकांनी सुधारायचा प्रयत्न केला. ह्यानं उलट त्यांच्यातल्या दोघातिघांना ‘करून राह्यलो’ म्हणायला लावलं.

कंपनी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर करायची. कॅमेरा नुसता बघतो. बघितलेलं काय आहे ते सॉफ्टवेअर सांगतं. ही गाडी, हा माणूस, ही बेवारस पडलेली बॅग. दिगंबरचं काम त्यातल्या चुका काढायचं. बाकीचे टेस्टर खुर्चीत बसून चुका काढायचे. दिगंबरला ते जमेना. तो स्वतःच कॅमेऱ्यासमोरून चालत जायचा. छत्री घेऊन, कुबडी घेऊन, बाबागाडी ढकलत, रांगत. एकदा बायकोची, सुनेत्राची, जुनी साडी नेसून पार्किंगमधून असा गेला की दोन गाड्या थांबल्या. त्याच्या टेबलामागं एक पत्र्याची आलमारी होती. तिच्यात रेनकोट, ओढण्या, एक खोटी दाढी, आणि टोप्या तर नाना तऱ्हेच्या. वडलांची गांधी टोपीसुद्धा त्यात होती.

“बाबा, दॅट इज सो एम्बॅरसिंग,” त्याची पोरगी अबोली म्हणायची.

“अवो पोरी, दंडारीत फुकट नाचत होतो. अथी नाचाचा पगार देतेत. तू शाळेत नोको सांगू म्हंजे झालं.”

त्याच्या अपार्टमेंटमध्ये, खालच्या मजल्यावर, तुर्सुन म्हणून एक गृहस्थ राहायचा. वयानं दहाएक वर्षं मोठा, डलस विमानतळावर टॅक्सी चालवायचा. ओळख झाली ती सुनेत्रामुळं. तुर्सुनची बायको गुलनिसा दार उघडं टाकून स्वयंपाक करत होती. पिठाच्या लांबच लांब दोऱ्या हातानं ओढून, झटकून, ओट्यावर आपटत होती. सुनेत्रा कपडे धुवायच्या खोलीकडं निघाली होती ती दारातच थांबली. “अवो बाई, ह्या तं हातशेवया,” म्हणाली, आणि न विचारता हात धुऊन कामाला लागली. त्या शेवया दुधात टाकायच्या नसून मटणाच्या रश्श्यात टाकायच्या असतात हे तिला ताट समोर आल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता. तिनं चाटूनपुसून खाल्ल्या.

तुर्सुन तरुणपणी कापडाचा व्यापार करत डोंगर उतरून पाकिस्तानात जायचा, म्हणून त्याला हिंदीसारखं बोलता यायचं. दिगंबरचं हिंदी नागपुरी. दोघांचं मिळून जे काही व्हायचं ते दोघांनाच कळायचं. तुर्सुन म्हणायचा आमचं गाव घुल्जा, आमचा मुलूख तुर्किस्तान. दिगंबरनं मनातल्या नकाशावर त्याला तुर्कस्तानाच्या शेजारी कुठंतरी बसवून टाकलं आणि पुन्हा विचारलं नाही. माणूस चांगला आहे, मटण चांगलं करतो, नाव घेताना आपण ‘तुर्सुन आका’, म्हणजे त्यांच्यात दादा, म्हटलं की खुलतो. आता नकाशा कशाला?

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कंपनीला मोठं गिऱ्हाईक आलं. चीनमधलं. पुढच्या वर्षी तिकडं ऑलिंपिक, शहराशहरांतून कॅमेरे लागणार. प्रसाद हा दिगंबरचा मॅनेजर, पुण्याचा, सदाशिव पेठेतला. माणूस सरळ. त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हे काम मिळालं तर कंपनी तरली. गिऱ्हाइकाला डोक्यावर काय घातलंय ते ओळखणारं सॉफ्टवेअर पाहिजे. त्यातही एक टोपी खास पाहिजे. त्यानं भिंतीवर फोटो दाखवला. चौकोनी टोपी, काळी, तिच्यावर पांढऱ्या रेशमानं बदामाच्या आकाराची नक्षी.

“अरे, ही तं माह्या शेजाऱ्याकडे हाये,” दिगंबर म्हणाला. “खुंटीले टांगली असते. आनतो न मांगून.”

“ग्रेट,” प्रसाद म्हणाला. “दोन-तीन मिळाल्या तर बघ.”

संध्याकाळी दिगंबर खाली गेला. टोपी ऑफिसच्या कामाला दोन दिवस उसनी पाहिजे म्हणाला. तुर्सुननं गुलनिसाकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

“टोपी उसनी देत नाहीत आमच्यात,” तुर्सुन म्हणाला. “बस तू.”

गुलनिसा आत गेली ती नवी कोरी टोपी घेऊन आली. तिनंच शिवलेली होती. तुर्सुननं हात धुतले, टोपी दोन्ही हातांनी धरली आणि दिगंबरच्या डोक्यावर अशी बेतानं ठेवली की दिगंबरला आपलं लग्न आठवलं. मग तिघांनी चहा घेतला, आणि तुर्सुननं हात उंचावून त्याच्या भाषेत काहीतरी आशीर्वादाचं म्हटलं. पाहुण्याला टोपी घातली की तो घरचा झाला, असं त्यानं समजावून सांगितलं.

दिगंबर वर आला आणि सुनेत्राला म्हणाला, “आहेर झाला. आता आपल्यालेबी कराव लागते.”

वऱ्हाडात आहेर म्हणजे टोपी-दुपट्टा. ह्यानं दुसऱ्या दिवशी आलमारीतली वडलांची गांधी टोपी आणली.

“टेस्टिंगची टोपी आहेरात देता? लाजगिज हाये का नाई?” सुनेत्रानं ती धुतली, नीळ घातली, कडक इस्त्री केली, वर स्वतःच्या माहेरचा कोरा दुपट्टा दिला आणि नारळ दिला. खाली जाऊन यथासांग तुर्सुनला कुंकू लावायला निघाली होती, पण अबोलीनं हात धरला. तुर्सुन गांधी टोपी घालून आरशासमोर बराच वेळ उभा होता. दुसऱ्या दिवशी तो टॅक्सीवर ती घालून गेला. एका गुजराती प्रवाशानं त्याला उतरताना नमस्कार केला, हे त्यानं पुढं कितीतरी जणांना सांगितलं.

इकडं ऑफिसात दिगंबरची दंडार सुरू झाली. बदामाची टोपी घातली आणि कॅमेऱ्यासमोरून गेला, की पडद्यावर डोक्याभोवती लाल चौकट यायची आणि टिंग वाजायचं. पहिल्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते. मग दिगंबर चुका शोधायला लागला. मागून गेलं तर वाजत नव्हतं. त्यानं सांगितलं, प्रोग्रामरनं सुधारलं. पावसात, छत्रीखालून गेलं तर वाजत नव्हतं. सुधारलं. गर्दीत, पाचसहा जणांच्या मधून गेलं तर हुकत होतं. तेही झालं. टोपी काढून घडी घालून खिशात ठेवली, तर पुढच्या कॅमेऱ्यानं त्याच माणसाला चेहऱ्यावरून धरायचं, हे तर दिगंबरच्याच डोक्यातून निघालं. मालक, हॉलोवे नावाचा गृहस्थ, शुक्रवारी सगळ्यांसाठी स्वतः डोनट आणायचा. त्यानं दिगंबरच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर सांगितलं की हा माणूस नसता तर आपण कुठंच नसतो. गिऱ्हाईक आलं की डेमोला हाच चालणार.

त्या जुलैत आणखी एक गोष्ट झाली होती. ग्रीन कार्डाचं दार, जे हिंदुस्थानी माणसाला वर्षानुवर्षं बंद असायचं, ते अचानक उघडलं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अर्ज घेणार म्हणे. सगळे देशी लोक डॉक्टरकडं टोचून घ्यायला रांगा लावत होते, फोटो काढत होते, गावाकडून जन्माचे दाखले मागवत होते. दिगंबरचं सगळं तयार होतं. फक्त कंपनीचं पत्र यायचं होतं, की हा आमचा माणूस आहे आणि राहील. ते डेमो झाला की हॉलोवे सही करून देणार होता.

शनिवारी तुर्सुनकडं जेवण होतं. गाजर घातलेला भात, वर मटण. दिगंबर खुशीत होता. आहेराच्या टोपीनं ऑफिसात काय नाव काढलं हे सांगायलाच तो आला होता. त्यानं भाताचं ताट बाजूला सरकवलं, उठला आणि चालून दाखवलं. “असा गेलो, आका, अन टिंग.”

तुर्सुन हसला. “आणि मागून गेला तर?”

“पयले नोतं वाजत. मी धरून देल्लं. आता वाजते.”

“छत्री घेतली तर?”

“थे बी मीच दाखोलं त्यायले.”

“गर्दीत?”

“गर्दीतबी.”

तुर्सुन भाताची शितं बोटानं गोळा करत होता. “आणि काढून खिशात ठेवली?”

“थे तं माहीच आयडिया,” दिगंबर म्हणाला आणि छातीवर हात ठेवला. “मंग पुढचा कॅमेरा तोंडावरून धरते. सुटतच नाई माणूस.”

गुलनिसाला हिंदी कळत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि वाढायचा चमचा भांड्यात ठेवून दिला.

“कुणाला विकणार?” तुर्सुननं विचारलं.

“चायनाले.”

“मग आम्हालाच विकणार.” तुर्सुन म्हणाला. “घुल्जा चीनमध्ये आहे, दिगंबर. आमचा सगळा मुलूखच चीनमध्ये आहे.”

दिगंबर उभाच होता. बसावं की काय करावं हे त्याला समजेना.

तुर्सुननं त्याला हाताला धरून बसवलं आणि भात वाढला. मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना तो मधेमधे हसतही होता, कारण गोष्टीचा पहिला भाग हसण्यासारखाच होता. त्यांच्याकडं तरुण मंडळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायची. गाणं, जेवण, म्हाताऱ्यांचे चार शब्द. दारू पिऊन आला किंवा उशिरा आला, की शिक्षा. तुर्सुनचा धाकटा भाऊ यासिन, नेहमी उशिरा. त्याला भिंतीशी उभं करून वाडगाभर पाणी फेकायचे. तो बाजूला झाला की ओल्या भिंतीवर मधे कोरडा यासिन. ह्याला म्हणायचे फोटो काढला.

“भारी हाये,” दिगंबर म्हणाला.

“मग सरकारनं जमायचं बंद केलं. जे जमले त्यांना नेलं. यासिनला दोन वर्षं ठेवला. पोलिसांनीही फोटो काढले, पण ते भिंतीवरचे नव्हते. आला तेव्हा एका कानानं ऐकू येत नव्हतं. आता बाजारात खरबुजं विकतो. टोपी तीच घालतो, ऐकत नाही कुणाचं. एक कान तर गेलाच आहे.” तुर्सुन पुन्हा हसला. “खरबुजं घ्यायला चारजण त्याच्या गाडीशी थांबले, चौघांच्या डोक्यावर ह्या टोप्या, तर तुझं टिंग वाजेल ना?”

प्रसादनंच सांगितलेलं दिगंबरला आठवलं, की तीनपेक्षा जास्त टोप्या एका जागी दिसल्या तर निरोप थेट पोलीस चौकीत जाणार. हेही त्यानं तपासलं होतं. मस्त चालत होतं.

“माह्या ध्यानातच आलं नाई, आका.”

“माहीत आहे. जेव.”

रविवारी दिगंबर लॉन्ड्रीच्या मशीनसमोर बसून राहिला. तो काही संत नव्हता. पहिला विचार त्याच्या मनात हाच आला की पत्र हातात पडेपर्यंत थांबावं, मग नाही म्हणावं. दुसरा विचार आला की डेमोत मुद्दाम गडबड करावी. पण गडबड दिसली की ते लोक ती दुरुस्त करणार. चूक सापडली की जाळं आणखी बारीक होतं. इतकी वर्षं तो हेच करत आला होता. कपडे वाळले, त्यानं घडी न घालताच टोपलीत कोंबले आणि वर नेले.

सोमवारी सकाळी तो प्रसादच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

“साहेब, थ्या टोपीचं काम मी करनार नाई. डेमोबी नाई. बाकी काई सांगा. रांगतो, साडी नेसतो.”

प्रसादला वाटलं गंमत आहे. मग त्याला कळलं नाही. मग कळलं. “अरे दिगंबर, हे चोर-अतिरेकी पकडायला आहे. आपण फक्त टूल बनवतो. कोण कसं वापरतो…”

“मीबी शनिवारपावत हेच म्हनत होतो. पन मले एक सांगा, चोराची टोपी असते का कोनती? सदाशिव पेठेतले चारजण पुनेरी पगडी घालून भेळ खाऊन राह्यले, अन चौकीत घंटी वाजली, तं तुमाले कसं वाटंल?”

“आमच्याकडं पगडी फक्त सत्काराला घालतात,” प्रसाद सवयीनं म्हणाला. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली. “जुलै चाललाय, दिगंबर. तुझं पत्र. सुनेत्रावहिनींचं, अबोलीचं सगळं त्याच्यावर आहे. पंधरा दिवस थांब ना यार. डेमो कर, पत्र घे, मग नाही म्हण. मी सांभाळून घेतो.”

“इच्यार केला थोबी.”

“मग?”

“डेमोतच तं विकनार हाये न. विकल्यावर नाई म्हन्लं तं नाई कायचं? थे टोपी घालून थ्या शेजाऱ्यानं मले घरचा केलं. थेच घालून मी त्याच्या भावाले कसं धराचं थे चायनावाल्यायले दाखवू का?”

प्रसादनं चष्मा काढून पुसला. “मला हॉलोवेला सांगावं लागेल.”

“सांगा. मीबी येतो संगं.”

हॉलोवे ओरडला नाही. त्यानं ऐकून घेतलं, तुझ्या भावनांचा आदर आहे म्हणाला, आणि दुपारपर्यंत दिगंबरचं संगणकावरचं खातं बंद झालं. पत्राचा विषय कुणी काढलाच नाही. आलमारीतलं सामान खोक्यात भरलं, तेव्हा प्रसाद खोकं उचलून गाडीपर्यंत आला. गाडीत ठेवताना खोटी दाढी खाली पडली ती त्यानं उचलून झटकली, आणि म्हणाला, “डेमोला आता मलाच चालावं लागणार.”

“चाला,” दिगंबर म्हणाला. “तुमाले चालनं जमत नाई पन.”

प्रसाद चालला की नाही, गिऱ्हाइकानं घेतलं की नाही, हे दिगंबरनं पुढं विचारलं नाही. घेतलं असंल. टोप्या इंटरनेटवर मिळतात आणि चालणारी माणसंही मिळतात. त्यात त्याची टोपी आणि त्याचं चालणं नव्हतं, एवढंच.

घरी सुनेत्रानं ऐकलं आणि पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. ती भडकली. भांडी आपटली. दिगंबरला वाटलं ग्रीन कार्डावरून.

“कार्ड गेलं खड्ड्यात. मले इच्यारलं का तुमी? रविवारभर थ्या मशीनपाशी बसले होते, तं वर येऊन एक शबुद बोलता नाई आला?”

“तू काय म्हनली असती?”

“मीबी नाईच म्हन असं म्हनली असती. पन इच्याराचं तं होतं.”

दिगंबर कणीक मळायला लागला. तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, कारण त्याला कणीक मळता येत नव्हती.

नोकरी गेली की व्हिसाच्या माणसाच्या पायाखालचं जाजमच ओढलं जातं. पुढचे काही आठवडे दिगंबरनं फोन करून करून कान लाल केले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्याला जगन्नाथ वैद्य भेटले. जगन्नाथकाका दूर उत्तरेकडं, वर्सेस्टरजवळच्या श्रूजबरीला राहायचे, इथं मुलाकडं आले होते. त्यांच्या ओळखीच्या माणसाची हर्नडनशेजारीच स्टर्लिंगला कंपनी होती. ती किराणा दुकानातली मशीन करायची. गिऱ्हाइकानं आपलं आपण सामान मोजायचं आणि पैसे टाकायचे. त्यांना चुका काढणारा माणूस पाहिजे होता.

“काम जरा बोअर आहे हो,” काका म्हणाले.

“काका, मानसं नाई न ओयखाची?”

“नाही. भाजी.”

“मंग मस्त हाये.”

ग्रीन कार्डाची रांग पुन्हा शेवटून लागली. दार ऑगस्टात बंद झालं ते बंदच. बरोबरच्यांचे अर्ज गेले, कुणी घर घेतलं, कुणी बायकोला नोकरीला लावलं. कामाची परवानगी नाही म्हणून सुनेत्रा अजून घरीच. ती गुलनिसाकडून टोपीवरचं भरतकाम शिकली आणि अबोलीच्या जीन्सच्या खिशांवर बदाम काढले. अबोलीनं ती जीन्स चक्क शाळेत घालून नेली. तुर्सुनचा भाऊ फोनवर आला की हवापाणी सोडून काही बोलत नाही. तुर्सुनही विचारत नाही. तिकडं खरबुजं कशी आहेत, इकडं बर्फ किती पडलं, एवढ्यावर अर्धा तास जातो आणि दोघांचंही त्यात बरंचसं बोलून होतं.

आता दोन हजार आठच्या हिवाळ्यातली ही सकाळ. दिगंबर स्टर्लिंगच्या त्या लांबट खोलीत, मशीनसमोर, भाजीच्या क्रेटांच्या मधे उभा आहे. मशीनला सगळ्या भाज्या वजनावरून आणि रंगावरून ओळखता याव्यात असा मालकाचा हट्ट. कालपासून ती वांग्याला आलुबुखार म्हणते आहे. दिगंबरनं वांगं आडवं ठेवून पाहिलं, उभं ठेवून पाहिलं, देठ काढून पाहिलं. शेजारच्या मशीनवर लता नावाची नागपूरची नवी पोरगी आहे. ती संत्र्यांचं बघते.

“दिगंबरकाका, ही माझ्या संत्र्याला मोसंबी म्हणून राह्यली.”

“म्हनू दे. नागपूरचं संत्रं नसंल, कॅलिफोर्नियाचं असंल. मशीनचं बरोबर हाये.”

लता हसते. मशीनमधली बाई गोड आवाजात इंग्रजीत सांगते की पिशवीच्या जागेवर नको असलेली वस्तू आहे, ती काढून घ्या.

“काढतो बाई, काढतो,” दिगंबर म्हणतो, काट्यावर टेकलेलं पोट आत घेतो, बाजूला होतो, आणि क्रेटमधून दुसरं वांगं उचलतो.